बारा रुपयांचा सुतार

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कारपेंट्रीचा जॉब सगळ्यांनीच केला असेल. माझा लॅप जॉइंट तीन वेळा रिजेक्ट झाला होता. दोन तुकडे एकमेकांत बसले तर खरे, पण मधल्या फटीतून पलीकडचा बल्ब दिसत होता. चौथ्यांदा मी लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून ती फट भरली, वरून पॉलिश पेपर मारला आणि निरागस चेहऱ्याने जॉब पुढे केला. शॉपमधल्या सरांनी तो हातात घेतला, नखाने खरवडला, आणि शांतपणे म्हणाले की दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत सुतार असे सांधे करायचे की त्यातून समुद्र आत येत नसे, आणि तुझ्या सांध्यातून उजेड येतोय. एवढं बोलून त्यांनी जॉबवर सही केली. बहुधा माझी दया आली असावी.

सही मिळाल्यामुळे ते वाक्य मी तिथेच विसरलो. पुढे तिसऱ्या वर्षी व्हिजिटच्या निमित्ताने आमची बॅच मुंबईला गेली. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून फोर्टात भटकताना आम्ही लायन गेटसमोर आलो. आत नौदलाची गोदी. अर्थात आत सोडत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. मित्र समोरच्या टपरीवर चहा पीत होते आणि मी त्या दगडी भिंतीकडे बघत होतो, तेव्हा ते वाक्य परत आठवलं. मग लायब्ररीत, नेटवर, जिथे मिळेल तिथे शोधत गेलो. जो माणूस सापडला त्याचं नाव जमशेटजी बोमनजी वाडिया.

वाडिया म्हटलं की आपल्याला पुण्यातलं कॉलेज आठवतं, परळचं हॉस्पिटल आठवतं, नाहीतर बॉम्बे डाइंगच्या चादरी. ते सगळे याच घराण्याचे. पण घराण्याचं आडनाव मुळात गिरणीवरून आलेलं नाही, गोदीवरून आलं आहे. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा.

गोष्ट सुरू होते ती जमशेटजींच्या आजोबांपासून. लवजी नसरवानजी हे सुरतेचे जहाजसुतार. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना थोड्या सुतारांसह मुंबईला आणलं. कंपनीला सुरतेत जहाजं बांधून घेणं परवडत होतं, पण सुरत आपल्या ताब्यातलं बंदर नव्हतं आणि मुंबई होतं. शिवाय कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांचा दरारा होता. कान्होजी १७२९ मध्ये गेले तरी त्यांच्या मुलांच्या गुराबा आणि गलबतं कंपनीच्या जहाजांना सुखाने जाऊ देत नव्हती. म्हणजे मुंबईची गोदी उभी राहण्यामागे आपल्या आंग्र्यांचाही हात आहे, उलट्या बाजूने का होईना. पुढे १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन विजयदुर्गावर चालून गेले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळून खाक झालं. आपल्याच पेशव्यांनी आपलंच आरमार जाळायला मदत केली. हा भाग वाचताना मला नेहमी पुस्तक मिटवावंसं वाटतं.

लवजींच्या देखरेखीखाली मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. पहिला भाग १७५० च्या दशकात, मग १७६० च्या दशकात आणखी दोन. ड्राय डॉक म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, इतरांसाठी सांगतो. समुद्राला लागून एक लांबट दगडी हौद, त्याच्या तोंडाशी दरवाजे. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरू द्यायचं, दरवाजे लावायचे, उरलेलं पाणी उपसायचं. जहाज लाकडी ठोकळ्यांवर कोरडं उभं राहतं आणि सुतार त्याच्या पोटाखाली जाऊन काम करतात. यासाठी भरती-ओहोटीत चांगला फरक हवा. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. इथे निसर्गानेच पंप बसवून ठेवलेला आहे, तोही दिवसातून दोन वेळा चालणारा.

लवजींनी आपले दोन नातू, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बोमनजी, यांना गोदीत घातलं. कसं घातलं, हे मला या सगळ्या गोष्टीत फार आवडतं. आजोबा गोदीचे मुख्य बांधकाम करणारे, वडील आणि काका त्यांच्या हाताखाली मोठ्या हुद्द्यावर, आणि नातवांना मात्र साध्या सुताराचं काम, महिना बारा रुपये. रंधा, वाकस, किकरं, आरी. इतर सुतार करतील तेच. मालकाच्या पोराला केबिन मिळते असा आपला अनुभव, इथे उलटं. लवजी १७७४ मध्ये वारले. पुढे काम माणेकजी आणि बोमनजी या मुलांनी सांभाळलं आणि १७९२ च्या सुमारास गोदीची सूत्रं त्या दोन बारा रुपयेवाल्या नातवांकडे आली.

आता थोडं लाकडाविषयी, कारण त्याशिवाय जमशेटजी समजत नाहीत. (ज्यांना मटेरियल सायन्समध्ये केटी आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण वाचला तर बरं.)

इंग्लंडची जहाजं ओकची. ओक मजबूत, पण त्यात दोन दुखणी. एक म्हणजे ते दमट हवेत आतून कुजतं. दुसरं म्हणजे त्यातल्या आम्लामुळे लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजतात. लोखंड लाकडाला खातं आणि लाकूड लोखंडाला. जहाज दहा-पंधरा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येई. सागवानात मुळातच तेल असतं. ते लोखंडाला गंजू देत नाही, लाकडाला पाणी पिऊ देत नाही, आणि वाळवीला त्याची चव आवडत नाही. सागवान एकदा नीट वाळलं की फारसं हलत नाही, फुगत नाही, आकसत नाही. लढाईतही फरक पडे असं म्हणत: तोफगोळा लागला की ओकच्या ढलप्या उडत आणि गोळ्यापेक्षा ढलप्यांनीच जास्त माणसं जात, सागवानाच्या ढलप्या तितक्या उडत नाहीत. हे सागवान मुख्यतः मलबारच्या किनाऱ्यावरून, समुद्रमार्गे मुंबईत येई.

पण नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही, हे माझ्या लॅप जॉइंटने सिद्ध केलंच आहे. युरोपात जहाजाच्या फळ्या सपाट कडेने एकमेकींना लावून मधली फट ताग-डांबराने ठासून भरत. सुरत-मुंबईच्या सुतारांची जुनी रीत वेगळी होती. ते फळीच्या कडेला खाच पाडत आणि दुसऱ्या फळीची कड तीत बसवत. मध्ये राळ आणि कापूस. सगळं इतकं घट्ट बसे की दोन फळ्यांची एकच फळी वाटावी. जहाजाच्या वाकड्या भागांसाठी मुळातच वाकडं वाढलेलं झाड शोधत, कारण सरळ लाकूड वाकडं कापलं तर त्याच्या शिरा तुटतात आणि ताकद जाते. आपण ग्रेन डायरेक्शन म्हणून दोन मार्कांना जे लिहितो ते त्यांना झाड बघून कळत होतं. बाहेरून पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे, म्हणजे लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड लागत नाही आणि शेवाळं धरत नाही.

फ्रामजी आणि जमशेटजी यांच्या हातून कंपनीसाठी जी जहाजं बांधली गेली त्यांतलं १८०० सालचं कॉर्नवॉलिस हे मोठं. याच जहाजाची एक दंतकथा आहे. जहाज इतकं उत्तम उतरलं की सगळे गोरे अधिकारी वाखाणू लागले. काही वर्षांनी ते दुरुस्तीला गोदीत आलं तेव्हा जमशेटजींनी त्यांना तळाशी नेलं आणि कण्यावरच्या लाकडावर, सहज कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, स्वतः कोरून ठेवलेला मजकूर दाखवला. मजकुराचा आशय असा की हे जहाज १८०० साली एका मेल्या काळ्या माणसाने बांधलं आहे. शिवी इंग्रजांची, त्यांनी दिलेली. जमशेटजींनी ती त्यांच्याच जहाजाच्या पोटात कोरून ठेवली.

ही गोष्ट खरी की खोटी? दंतकथेला पुरावा मागू नये असं म्हणतात, पण आपण इंजिनिअर, आपल्याला मागावाच लागतो. मला स्वतःला वाटतं की काहीतरी घडलं असावं. जो माणूस पट्टी आणि कंपासने आयुष्यभर बोलला तो राग कुठे काढणार? सभेत भाषण तर करणार नाही. लाकडावरच काढणार.

१८०२ मध्ये इंग्लंडच्या नौदल खात्याने, म्हणजे ॲडमिरल्टीने, ठरवलं की राजाच्या नौदलासाठी मुंबईत युद्धनौका बांधून घ्यायच्या. नेपोलियनशी झुंज चालू होती आणि ओकची जंगलं संपत आली होती. एका मोठ्या युद्धनौकेला दोन हजारांच्या आसपास ओक लागत असं सांगतात. आधी विचार असा होता की बांधणीसाठी एखादा इंग्रज मास्टर बिल्डर मुंबईला पाठवावा. कंपनीच्या लोकांनी जमशेटजींचं काम ॲडमिरल्टीच्या कानावर घातलं आणि तो बेत रद्द झाला. काम जमशेटजींनाच दिलं गेलं. १८०४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्यांना चांदीची एक मोजपट्टी भेट दिली. त्याच वर्षी भाऊ फ्रामजी वारले. बारा रुपयांवर बरोबर रंधा मारलेला, बरोबर वाढलेला भाऊ. यापुढे जमशेटजी एकटे.

नौदलासाठी पहिली बांधलेली फ्रिगेट १८०५ मध्ये पाण्यात उतरली. तिचं नाव आधी पिट होतं, मग बदलून सॅल्सेट झालं. सॅल्सेट म्हणजे आपलं साष्टी! ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं बेट. या साष्टीने काय काय पाहिलं बघा. १८०८ च्या डिसेंबरात ती बाल्टिक समुद्रात एका काफिल्याबरोबर होती. समुद्र गोठला, जहाजं बर्फात अडकली, बरोबरची कित्येक फुटली. मलबारच्या उन्हात वाढलेल्या सागवानाची साष्टी मात्र बर्फातून सुखरूप बाहेर आली. पुढे १८१० मध्ये तीच भूमध्य समुद्रात होती आणि तिच्यावरून बायरन नावाचा एक तरुण कवी तुर्कस्तानात चालला होता. दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत जहाज थांबलेलं असताना या कवीने ती सामुद्रधुनी पोहून पार केली आणि पुढे जन्मभर त्याच्या बढाया मारल्या. आमच्या होस्टेलमागच्या तलावात पोहून आलेल्या मुलांनीही एवढ्या मारल्या नसतील.

फ्रिगेट ठीक, पण नौदलाचं खरं बळ म्हणजे मोठ्या रांगेच्या नौका. लढाईत या नौका एकामागे एक रांग धरून शत्रूच्या रांगेसमोर तोफा डागत, म्हणून त्यांना शिप ऑफ द लाइन म्हणत. तशी नौका बांधायला जुनी गोदी अपुरी पडली. म्हणून गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात नवी गोदी बांधली गेली, ती डंकन डॉक. तिच्यात जमशेटजींनी ७४ तोफांची मिंडेन उभी केली. मुंबईत बांधलेली ब्रिटिश नौदलाची ही पहिली शिप ऑफ द लाइन.

१९ जून १८१०, मंगळवार. भरती आली, गोदीचे दरवाजे उघडले, गव्हर्नर डंकन यांनी रिवाजाप्रमाणे बाटली फोडली आणि मिंडेन तरंगत बाहेर आली. इंग्लंडात जहाज उतारावरून घसरत पाण्यात जातं, इथे पाणीच जहाजापाशी येतं. मला नेहमी प्रश्न पडतो की त्या क्षणी जमशेटजी कुठे उभे असतील? गव्हर्नरच्या शेजारी, की दरवाज्यापाशी आपल्या सुतारांमध्ये? एवढं मोठं जहाज तरंगताना सरळ राहतं की एका बाजूला कलतं, हे कॅल्क्युलेटर नसताना, मेटासेंटरचा थंब रूल फक्त डोळ्यांत साठवून, ज्याने ठरवलं, त्याला त्या दिवशी बाटलीकडे बघायला फुरसत नसणार. तो पाण्याची रेघ बघत असणार. प्रॅक्टिकलला सर्किट ऑन करताना आपण जसे फ्यूजकडे बघतो, तसं.

ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचं एक तैलचित्र आहे. पांढऱ्या पारशी पोशाखात, हातात मिंडेनचा नकाशा, आणि कमरेच्या शेल्यात खोवलेली ती चांदीची पट्टी. खिडकीतून जहाज दिसतं. मी फक्त नेटवरचा फोटो पाहिला आहे. चित्रात ते ना हसतात ना रुबाब दाखवतात. ड्रॉईंग शीट तपासायला बसलेल्या एखाद्या सिनिअर सरांसारखा चेहरा. आता चूक काढतील असं वाटतं.

मिंडेननंतर कामाची रांगच लागली. १८१३ मध्ये दुसरी कॉर्नवॉलिस, ही ७४ तोफांची. १८१५ मध्ये वेलस्ली. १८१७ च्या फेब्रुवारीत मेलव्हिल. यातल्या प्रत्येकीत हजारो घनफूट लाकूड, आणि काम सगळं हाताने.

मधे एक गंमत झाली. गंमत म्हणजे त्यांच्या दृष्टीने आफतच. इंग्लंडहून मुंबईला नव्या जहाजांचे नकाशे आणि तळाला मारायचं तांबं घेऊन जावा नावाची फ्रिगेट निघाली होती. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजाने तिला गाठलं आणि तिचा चक्काचूर केला. नकाशे गेले, तांबं गेलं. त्याच जहाजावर मुंबईला नेमणूक झालेला जनरल हिस्लॉप होता, तो कैद झाला आणि मग सुटला. हाच हिस्लॉप पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला, २१ डिसेंबर १८१७ ला. अमेरिकनांनी त्याला जरा जास्त दिवस ठेवून घेतलं असतं तर आपलं काही बिघडलं नसतं. असो. बॅकअप ही चीज तेव्हाही होती म्हणून बरं, नकाशांच्या प्रती पुन्हा पाठवल्या गेल्या आणि त्यांतून उभी राहिली जमशेटजींची सगळ्यात दीर्घायुषी लेक, ट्रिंकोमाली.

१८१६ मध्ये तिचा कणा ठेवला तेव्हा पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. वाडियांच्या प्रत्येक मोठ्या जहाजाला असा एक खिळा असे. लांबी सुमारे १५० फूट, तोफा ४६, सगळी सागवानाची. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती डंकन डॉकमधून बाहेर आली.

ही तारीख वाचून मी थांबलो. १२ ऑक्टोबर १८१७. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. म्हणजे मुंबईत बाटली फुटली त्यानंतर चोवीस दिवसांनी पुण्याजवळ पेशवाईचा शेवट सुरू झाला. दोन गावांत अंतर ते किती. जमशेटजींना हे माहीत होतं का, त्यांना काय वाटलं असेल, असले प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते कंपनीचे नोकर होते आणि तीन पिढ्यांचे होते. पण वाचणारा मी मराठी आहे, मला ते टोचणारच. त्यांच्या एका फ्रिगेटचं नाव सेरिंगपटम, टिपू सुलतान पडला ते गाव. ती १८१९ मध्ये उतरली.

आणि टोचणी इथेच संपत नाही. कॉर्नवॉलिसचं पुढे काय झालं ते बघा. चीनमध्ये अफू विकण्याचा हक्क मिळावा म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं आणि त्याचा शेवटचा करार, नानकिंगचा तह, २९ ऑगस्ट १८४२ रोजी याच कॉर्नवॉलिसवर सह्या होऊन झाला. हाँगकाँग त्याच तहाने इंग्रजांना मिळालं. वेलस्लीच्या तोफांनी फेब्रुवारी १८३९ मध्ये कराचीचा किल्ला पाडला आणि कराची इंग्रजांच्या हाती गेली. मिंडेन अल्जीयर्सच्या तोफमाऱ्यात होती, आणि म्हातारपणी हाँगकाँगला हॉस्पिटल म्हणून उभी राहिली. आजही तिथे तिच्या नावाचा रस्ता आहे. सांधे निर्दोष होते, जहाज कुठे जाणार हे सुताराच्या हातात नव्हतं. आमच्या रूमवर या विषयावर एकदा रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझा रूममेट म्हणाला की कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डर्स कोणाच्या असतात हे आपण तरी विचारतो का? मी म्हटलं, पॅकेज विचारतो. मग दोघेही झोपलो.

जमशेटजी ३१ ऑगस्ट १८२१ रोजी वारले. त्या वेळी गोदीत ८४ तोफांची गँजेस उभी होती, जवळजवळ पुरी झालेली. ती १० नोव्हेंबरला उतरली, त्यांच्या पश्चात, त्यांचा मुलगा नवरोजी याच्या देखरेखीखाली. नवरोजींनी पुढे एशिया बांधली, जी १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं निशाण मिरवत होती. शिडाच्या जहाजांची ती शेवटची मोठी लढाई.

शेवटची यासाठी की वाफ आली होती. जमशेटजींचा नातू जहांगीर नवरोजी आणि त्याचा चुलतभाऊ हिरजीभाई हे दोघे १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले आणि बघतात तर आजोबांची विद्या हळूहळू इतिहासजमा होते आहे. लाकडाच्या जागी लोखंड, शिडाच्या जागी बॉयलर. त्याच वाडिया घराण्यातले अर्देशीर खरशेटजी यांनी वाफेची इंजिनं हातात घेतली आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. मेकॅनिकलवाल्यांनी त्यांच्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहावा. मी लिहिणार नाही, माझं सबमिशन आहे.

जहाजं मात्र माणसांपेक्षा जास्त जगली. वेलस्लीवर ॲडमिरल मेटलंड १८३९ मध्ये वारला. हाच तो, ज्याच्या जहाजावर १८१५ मध्ये नेपोलियनने शरणागती पत्करली होती. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे. व्हिजिटच्या दिवशी मी ते पाहिलं, कोणाचं आहे ते कळत नसताना. वेलस्ली पुढे टेम्स नदीत मुलांना नाविक शिक्षण देणारी नौका म्हणून नांगरून राहिली, कॉर्नवॉल या नावाने. २४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून तिला बुडवलं. एकशे पंचवीस वर्षं वयाची, तोफा केव्हाच काढून घेतलेली नौका. शत्रूने बुडवलेली ती शेवटची शिप ऑफ द लाइन, आणि विमानाने बुडवलेली एकमेव. १९४८ मध्ये ती वर काढली तेव्हा तिचं लाकूड इतकं चांगलं होतं की त्यातलं काही लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत वापरलं. कॉर्नवॉलिसचा शिरनेसला धक्का करून टाकला होता. ती जहाज म्हणून संपली तरी धक्का म्हणून १९५७ पर्यंत टिकली.

ट्रिंकोमालीची गोष्ट सगळ्यात साधी. १८१९ मध्ये ती पोर्टस्मथला पोचली आणि लढाई संपलेली असल्याने तिला छप्पर घालून बाजूला ठेवून दिलं, पंचवीस-सव्वीस वर्षं. मग तोफा कमी करून २६ केल्या आणि १८४७ मध्ये ती कामाला लागली. वेस्ट इंडीज, मग १८५२ ते १८५७ प्रशांत महासागर, अलास्कापर्यंत. मोठ्या लढाईचा योग आलाच नाही. मग शिकाऊ नौका, मग पडून, आणि १८९७ मध्ये भंगारात विकली गेली. त्याच वर्षी फुद्रोयां नावाची नेल्सनच्या काळातली एक नौका वादळात फुटली होती. तिचा मालक व्हीटली कॉब याने भंगारवाल्याकडून ट्रिंकोमाली घेतली, तिला जुन्या जहाजाचं नाव दिलं आणि तिच्यावर मुलांना शिकवू लागला. १९८६ पर्यंत मुलं तिच्यावर येत होती. १९८७ मध्ये तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेलं, दहा-अकरा वर्षं दुरुस्ती चालली, १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं. आज ती तिथे गोदीत पाण्यावर तरंगते आहे, ब्रिटनची तरंगती असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका. आणि जिने तिचे पहिले नकाशे बुडवले ती अमेरिकेची कॉन्स्टिट्यूशनही बोस्टनला अजून तरंगते आहे. दोघी म्हाताऱ्या, दोन किनाऱ्यांवर.

आमचा एक सिनिअर ऑनसाइटवर न्यूकॅसलला आहे. हार्टलपूल तिथून फार लांब नाही. मी त्याला मेल टाकली की रविवारी जाऊन ये. त्याने लिहिलं की गेलो, तिकीट काढलं, आत खालच्या डेकवर डोकं आपटलं, तुझ्या सागवानाला हात लावला. मी विचारलं, सांध्यात फट आहे का? तीन दिवस उत्तर नाही. मग एक फोटो आला, अंधारात काढलेला, फ्लॅशने जळालेला. दोन काळपट फळ्या आणि मधोमध त्याच्या क्रेडिट कार्डाची कड लावून धरलेली. कार्ड आत गेलेलं नव्हतं.